पेठेतल्या जुन्या शाळेची दर्शनी बाजू: कामाच्या नोंदी

आधी इमारतीविषयी. सोलापुरातल्या एका पेठेतली ही दुमजली शाळा शंभरीच्या आसपासची आहे. जोतं आणि खालचा मजला काळ्या दगडाचा, वरचा विटांचा, त्यावर चुन्याचा गिलावा. समोर पाच कमानींचा व्हरांडा. कमानींच्या मधल्या तिकोनी जागांत चार आणि दोन टोकांना दोन, अशी चुन्यात घडवलेली सहा गोल फुलं. त्यांच्या डोक्यावरून इमारतभर आडवा गेलेला कंगोरा, म्हणजे भिंतीतून पुढे आलेली घडीव पट्टी. वर लाकडी खांबांचा सज्जा, पागोळीला सागवानी झालर आणि मंगळुरी कौलं. मी इथेच शिकलो, पुढे इथेच एकोणतीस वर्षं चित्रकला शिकवली आणि निवृत्त झालो. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दर्शनी बाजू दुरुस्त करायचं काम माझ्या गळ्यात घातलं. संस्थेची अट एकच होती: शाळा एक दिवसही बंद ठेवायची नाही.

ज्यांच्या हाती अशी एखादी शाळा किंवा वाडा आहे, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून नोंदी जशा वहीत आहेत तशाच देतो.

५ जानेवारी

परांची उभी राहिली. बांबूची, भाडं महिन्याला ७,००० रुपये. मुलांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर हिरवी जाळी आणि त्यावर फळ्या टाकल्या.

मापं: दर्शनी भाग ६२ फूट. कंगोरा भिंतीपासून ९ इंच पुढे. फुलं १८ इंच व्यासाची. सहांपैकी दोन शाबूत, दोन अर्धी, दोन जागी नुसता गोल खड्डा. झालर १९ फूट गायब. संध्याकाळी अंदाजपत्रक लिहिलं: ८५,००० रुपये, दोन महिने. तो कागद अजून जपून ठेवलाय, हसायला बरा आहे.

९ जानेवारी

एका माजी विद्यार्थ्याचा दातांचा दवाखाना आहे. त्यानं जुनी अवजारं दिली, दात खरवडायची. याहून चांगलं हत्यार बाजारात मिळणार नाही. शाबूत फुलाच्या कडेला काडेपेटीएवढ्या जागेत पायऱ्या-पायऱ्यांनी रंग खरवडत गेलो आणि थर मोजले. सगळ्यात खाली पांढरी सफेदी तीनदा. मग नीळ घातलेली सफेदी. मग पिवळसर दोनदा. मग गुलाबी डिस्टेंपर. त्यावर तेलरंगाचे चार हात: हिरवा, बदामी, पुन्हा बदामी, चॉकलेटी. एकूण अकरा. मी चौथीत असताना शाळा गुलाबी होती. तो थर नखाखाली आला तेव्हा दोन मिनिटं हात थांबला.

अकरा थरांची जाडी साधारण ४ मिलिमीटर भरली. हा आकडा मी वहीत अधोरेखित केला आणि विसरून गेलो. पुढे त्याचा दंड भरला.

११ जानेवारी

चुना. आमचे मिस्त्री अडुसष्ट वर्षांचे, घरी कानडी. जुन्या चुन्याचं काम हातानं केलेला हा एकच माणूस सापडला. त्यांची पहिली अट: आज चुना विरवायचा आणि निदान दीड महिना त्याला हात लावायचा नाही. "सुण्णं (चुना) हाय ते सर, सिमेट न्हवं. घाईला तयार न्हाई ते."

चुनकळी, म्हणजे न विरवलेल्या चुन्याचे खडे, १५० किलो आणली. निळं प्लास्टिकचं पिंप घरी होतंच, म्हटलं खर्च वाचेल. पहिल्या २५ किलोला पाण्यानं असा उकळा घेतला की पिंपाची कूस मऊ पडून फुगली आणि सगळं एका बाजूला कललं. मिस्त्रींनी मला मागे ओढलं, नाहीतर पायावर आलं असतं. तेवढी चुनकळी मैदानात गेली. उरलेली लोखंडी पिंपांत विरवली.

लक्षात ठेवायचं ते असं. पाण्यात चुनकळी टाकायची, चुनकळीवर पाणी ओतायचं नाही. एका वेळी थोडी. डोळ्यांना चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे, आजूबाजूला एकही मूल नको. निवल्यावर बारीक जाळीतून गाळायची, कारण न विरलेले खडे पुढे भिंतीत फुटतात आणि गिलाव्याला खळगे पाडतात. गाळलेल्या चुन्यावर वीतभर पाणी कायम ठेवायचं. हवा लागली की तो पिंपातच दगड व्हायला लागतो.

१२ ते १७ जानेवारी

काम नाही. बाराला शाळेत हुतात्मा दिनाचा कार्यक्रम. १९३१ साली याच तारखेला येरवड्यात स्वातंत्र्यलढ्यातले आपले सोलापूरचे चौघे फासावर गेले. मग सिद्धेश्वराची यात्रा: तेराला यण्णीमज्जन (तेलाभिषेक), चौदाला अक्षता, पंधराला होम, सोळाला दारूकाम. मिस्त्री नंदीध्वजाच्या मागे, हाताखालचा पोरगा गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत. सोलापुरात जानेवारीत काम धरणाऱ्यानं हे सहा दिवस आधीच वजा करावेत. मी केले नव्हते.

२ फेब्रुवारी

रंग काढायचे प्रयोग, सगळे मागच्या भिंतीवर. तारेचा ब्रश: रंगाबरोबर चुन्याची धारही गेली. बाद. वाळूचा मारा: एक ठेकेदार फुकट दाखवायला आला, "एका दिवसात सगळं चकाचक" म्हणाला. मिनिटभरात रंग गेला आणि खालचा गिलावाही खडबडीत, भोकाभोकांचा झाला. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

जमलं ते असं: तेलरंगावर रंग उतरवायची जेली, वर प्लास्टिकचा कागद, चाळीस मिनिटं थांबायचं, मग लाकडी पाचरीनं ढकलायचं. खालच्या सफेदीला ओला कापसाचा लगदा रात्रभर आणि सकाळी दातांची अवजारं. एका फुलाला ३१ तास लागतात. घड्याळ लावून मोजलंय.

१४ फेब्रुवारी

वेळ वाचवायला डोकं लढवलं. शाबूत दोन फुलांपैकी डावीकडचं वरून बरंच स्पष्ट दिसत होतं: मधे गोल उंचवटा, भोवती पाकळ्या. उघड कमळ. त्याचा रंग न काढताच सिलिकॉनचा साचा घेतला. पेठेतल्या गणपतीच्या कारखान्यातले मामा मदतीला आले. वर दोन हात सिलिकॉनचे, पाठीला प्लास्टरचं कवच, दुसऱ्या दिवशी साचा सुटला. खर्च ३,४०० रुपये.

मामांच्या सवयीनं पहिली तीन फुलं प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये ओतली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत. मुख्याध्यापिका मॅडमनी फोटो काढला, माजी विद्यार्थ्यांच्या गटावर टाकला, शंभरावर अंगठे आले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२३ फेब्रुवारी

एक प्लास्टरचं फूल मुद्दाम नळाखाली ठेवलं होतं. आठ दिवसांत कडा मऊ, नखानं उकरावं इतक्या. हे प्लास्टर घरातल्या छताला ठीक. पावसात ते झिजतच जातं. मामांना सांगितलं तर ते हसले, "आमच्या मूर्तीला दहाच दिवस काढायचे असतात, सर."

२६ फेब्रुवारी

आजचा दिवस नीट लिहितो.

उजवीकडच्या शाबूत फुलाचा रंग पूर्ण निघाला. दुपारची सुट्टी होती. शिपाईमामा चहा घेऊन परांचीवर चढले, कप माझ्या हातात दिला आणि फुलाकडे बघत राहिले. त्यांचं गाव मराठवाड्यात, घरी कोरडवाहू कापूस.

"सर, हे कमळ कोण म्हणालं?"

मी म्हटलं, मी म्हणालो.

"बोंड हाय की हे."

मग त्यांनी बोट लावून दाखवलं. मधला उंचवटा गोल नव्हताच. चार फुगीर पाकळ्या, प्रत्येकीच्या मधे खोल चीर, उकललेल्या बोंडातून कापूस बाहेर येतो तशा. रंगानं चिरा भरून गेल्यामुळे चारांचा एक गोल झाला होता. आणि मी ज्यांना कमळाच्या पाकळ्या समजलो त्या खालच्या तीन पानं होत्या, कडेला दातेरी. बोंडाला खालून धरून ठेवणारी. एका पानाच्या कडेला नऊ दाते मी मोजले. तेलरंगाखाली एकही दिसत नव्हता.

गिरण्यांच्या गावात शाळेच्या कपाळावर कापसाचं बोंड असावं यात नवल काही नाही. १८६० साली इथे रेल्वे आली, १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर चालायला लागलं. नवल एवढंच की एकोणतीस वर्षं मी मुलांना या फुलांखाली बसवून "समोरचं कमळ काढा" म्हणत होतो. आणि पोरं निमूटपणे काढत होती.

साचा, तीन फुलं आणि बारा दिवस पाण्यात गेले. गटावर दुरुस्तीचा निरोप टाकला. त्याला सात अंगठे.

१० मार्च

नवा साचा, या वेळी पूर्ण साफ केलेल्या बोंडावरून. आणखी ३,५०० रुपये. मिश्रण: मुरलेला चुना एक भाग, सुरकी (विटांचा चुरा) एक भाग, संगमरवराची भुकटी एक भाग. पहिला हात बोटानं दाबून चिरांत बसवायचा, त्यावर तागाचे तुकडे कालवलेला जाड हात. प्लास्टर अर्ध्या तासात सुटतं; याला बारा दिवस लागले. चौथ्या दिवशी मी उतावीळ होऊन कोपरा उचलला आणि एक पान मोडलं. नंतर साच्याला हात लावायचा अधिकार फक्त मिस्त्रींचा.

सुरकीसाठी: मागची पडकी भिंत उतरवली होती, तिच्या कमी भाजलेल्या विटा होत्या. त्या कांडून घ्यायला मिरची कांडपवाल्याकडे गेलो तर त्यानं हातच जोडले. शेवटी लोखंडी धुमसानं कुटल्या आणि चाळल्या. पक्क्या भाजलेल्या विटा घेऊ नका, त्यांची सुरकी चुन्याला तशी धरत नाही.

अर्ध्या दोन फुलांना नवं ओतलं नाही. राहिलेला भाग तसाच ठेवून गेलेली पानं जागेवरच हातानं घडवली. ती शेजारच्या फुलाशी तंतोतंत जुळत नाहीत. मूळची चार तरी कुठे जुळत होती. एकाला नऊ दाते, दुसऱ्याला सात.

२२ मार्च

नवी दोन बोंडं बसवायला खड्डे साफ करायला घेतले आणि आत हात घातला तर विटा ओल्या. मार्च महिना, बाहेर ३८ अंश, चार महिन्यांत थेंब नाही, आणि आतली वीट थंडगार. खड्ड्याच्या कडेला पांढरा लोणा (ओलीनं वर आलेला खार) फुललेला.

मिस्त्री वर कंगोऱ्याकडे बघत म्हणाले, "वरचं सिमेट कुणी मारलंय?"

मी मारलंय. म्हणजे माझ्या देखरेखीखाली. तेरा वर्षांपूर्वी कंगोऱ्याचे पोपडे पडत होते, मुलांच्या डोक्यावर पडतील म्हणून संस्थेनं डागडुजी काढली, आणि "चित्रकलेचे सर बघतील" म्हणून मला उभं केलं. गवंड्यानं विचारलं होतं, सगळे बारीक कंगोरे काढायचे की सपाट पट्टी मारू? मी म्हटलं, सपाट मारा, स्वच्छ दिसेल.

घरी जाऊन शाळेचे जुने गटफोटो काढले. डागडुजीच्या आधीच्या वर्षीच्या फोटोत मुलांच्या मागे सहाही फुलं आहेत. चार वर्षांनंतरच्या फोटोत पाच. सात वर्षांनंतर चार. मी सगळ्यांना सांगत होतो की वयानं पडली.

२३ मार्च

सिमेंट फोडायला घेतलं. नऊ दिवस लागतील असं दिसतंय. छिन्नी-हातोडी, यंत्र अजिबात नाही. सिमेंट सुटताना खालची वीट घेऊनच सुटतं, एवढं ते तिच्याहून कडक. मागे पाणी अडकून विटेचा भुगा झालेला. चुन्यातून ते पाणी बाहेर वाळून गेलं असतं. सिमेंटनं तोंड बांधल्यावर ते खाली, फुलांच्या पाठीमागे उतरलं.

उजव्या टोकाला पावसाच्या पन्हळीमागे १४ इंच कंगोरा सापडला. तिथे गवंड्याची थापी पोचली नव्हती. वरती उतार, मग गोला (बाहेर फुगलेली गोलाई), मग गलथा (आत वळलेली), आणि सगळ्यात खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून दोन बोटं आत, बोटभर रुंदीची एक सलग खाच. जमिनीवरून ती दिसतच नाही. वरून आलेलं पाणी कडेवरून खाली वळतं, या खाचेपाशी त्याची वाट तुटते आणि ते भिंतीपासून लांबच ठिबकतं. ती खाच मी सिमेंटनं बुजवली होती. तेव्हापासून पाणी कंगोऱ्याच्या पोटाखालून सरळ भिंतीवर येत होतं, बरोबर फुलांच्या डोक्यावर.

मिस्त्री काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

६ एप्रिल

फर्मा, म्हणजे ओल्या चुन्यावरून ओढून कंगोऱ्याचा आकार उमटवायचा पत्रा. सापडलेल्या १४ इंचांवरून आकार उचलायचा. पहिल्यांदा रंगासकट उचलला आणि पत्रा कापल्यावर लक्षात आलं, पुन्हा तीच बोंडाची चूक. दुसऱ्यांदा रंग काढून, जोडकामाची मऊ तार आकाराला दाबून, कागदावर उतरवून, मग पत्र्यावर. पत्रा सागाच्या फळीवर खिळवला आणि फळीला खाली घसरपट्टी. भिंतीवर सरळ लाकडी पट्टी पाणसळीत ठोकायची, तिच्यावरून फर्मा ओढायचा. खाचेसाठी पत्र्याला खाली जीभ ठेवली.

इंद्रभुवन बघून आलो. वारदांच्या त्या वास्तूवर, आता महापालिका आहे तिथे, इतकी नक्षी आहे की आमची सहा बोंडं म्हणजे डब्यातली चटणी. पण मी या वेळी फक्त कंगोऱ्यांच्या पोटाखाली बघत हिंडलो. महापालिकेत कामाला आलेली माणसं माझ्याकडे बघून वर बघायला लागली.

२० एप्रिल

परीक्षा संपल्या, मैदान मोकळं. पहिला हात ओढला आणि वाया गेला.

मिश्रणात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. प्रमाण मिस्त्रींनी सांगितलं ते: २० लिटर पाण्यात एक किलो हिरडा, एक किलो गूळ, दहा दिवस मुरवून गाळलेलं. चुना लोण्यासारखा फिरतो आणि सावकाश धरतो. मिस्त्री एक दिवस लग्नाला गेले होते. मला वाटलं, उन्हाळा आहे, आणखी सावकाश धरलेला बरा, म्हणून गूळ दुप्पट केला. सकाळी कंगोऱ्यावर काळी रेघ चाललेली, इकडून तिकडे. मुंगळे. चुना तीन दिवस थुलथुलीत राहिला आणि उताराला सुटून खाली आला. आठ फूट काढून टाकले.

उरलेल्यात गूळ बरोबर होता, वेळ चुकीची. दुपारी एकला ओढलं होतं. ४१ अंश. चारपर्यंत वरची साय वाळून कडक भाकरीसारखी कडेनं वर उचलली गेली. आणखी सहा फूट गेले.

३ मे

आता पहाटे चार ते साडेसात आणि रात्री आठ ते अकरा. दिवे लावून. आधी भिंत चिंब भिजवायची, नाहीतर कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते. मग सुरकीचा भरड हात, बोटभर जाड, त्याहून जास्त एका वेळी नाही. दोन दिवसांनी दुसरा. शेवटी बारीक चुना आणि संगमरवरी भुकटीचा पातळ हात, फर्मा एकाच दिशेनं ओढायचा, मागे-पुढे नाही. मिस्त्री फर्मा धरतात, पोरगा पुढे चुना टाकत जातो, मी खालून ब्रशनं पाणी मारतो. फर्मा पुढे सरकतो आणि मागे धार उमटत येते, गोला, गलथा, खाच. पहिल्यांदा सलग सहा फूट न फाटता आली तेव्हा पोरगा शिट्टी वाजवून म्हणाला, "हाव बे!" मिस्त्रींनी त्याच्या डोक्यात टपली मारली, पण हसत.

पाणी ही खरी अडचण. चुन्याला तीन आठवडे ओलावा लागतो: गोणपाट लावून दिवसातून पाच वेळा पाणी. आणि आमच्याकडे नळ चार दिवसांआड. टाकी तिसऱ्या दिवशी कोरडी. तीन टँकर घेतले, ९०० रुपये एक. एका शुक्रवारी टँकर आलाच नाही. त्या दिवशीच्या चार फुटांवर केसाएवढ्या भेगा आहेत. खालून दिसत नाहीत, पण आहेत. चुन्याच्या पातळ पाण्यानं भरल्या.

हे काम मे महिन्यात काढू नका. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. आम्हाला शाळेच्या सुट्टीपायी मे घ्यावा लागला.

१९ मे

झालर आणि कौलं, दोन्ही एकदम, कारण परांची वर सरकवली.

झालरीचा आकार: लांबट पान, टोकाला थेंब. नवीन १९ फूट सुताराकडून कापून घेतली, जुन्या वाड्याचं सागवान, २२,५०० रुपये. त्यानं टोकं बोथट गोल केली, "टोचतील म्हणून". मार्चपूर्वी मी चालवून घेतलं असतं. आता प्रत्येक टोक कानशीनं निमुळतं करायला बसवलं. कौलांचं पाणी पानावरून त्या टोकाला येऊन तिथूनच सुटतं. टोक बोथट झालं तर ते फळीच्या मागे फिरून वाशाला जातं. जुन्या झालरीत मोडक्या टोकांमागचेच वासे कुजलेत, जाऊन बघा.

कौलं साठ फुटली होती. नवीन आणली, १,९०० रुपये, आणि एकही बसेना. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत अडकत नाहीत, हे मला छपरावर बसल्यावर कळलं. जुनं कौल उलटं केलं तर पोटावर बासेल मिशनचा ठसा. मंगळूरला १८६५ साली त्यांनीच हा कारखाना काढला होता. मग तीन दिवस जुन्या सामानाच्या बाजारात ठसे बघत हिंडलो. एका पाडलेल्या गोदामाची सत्तर मिळाली, २,७०० रुपये. नवीन साठ सायकल स्टँडवर घातली.

रंगीत तावदानं: तीन फुटकी, जुळती निळी काच मिळाली नाही. जरा फिकी बसवली. दुपारी वर्गात पडणाऱ्या उजेडात फरक दिसतो. ३,१०० रुपये.

८ जून

पहिला दणकून पाऊस, रात्री पावणेनऊला. छत्री घेऊन गेलो. शिपाईमामा आधीच कमानीखाली उभे. मोठी बॅटरी लावून कंगोऱ्याच्या पोटाखाली बघितलं. खाचेच्या पुढच्या कडेवर थेंबांची रांग, तिथेच लोंबतात, तिथेच सुटतात. मागची भिंत कोरडी. वीस मिनिटं मान वर करून उभा होतो, दुसऱ्या दिवशी मानेला शेक घ्यावा लागला.

एक जागा चुकली. उजवं टोक, पन्हळीजवळ. जुना १४ इंचांचा तुकडा आणि नवा भाग जिथे मिळतात तिथे आमची खाच अर्ध्या बोटानं पुढे-मागे झालीय. पाणी तेवढ्याच सांध्यातून आत वळतं आणि शेवटच्या बोंडाच्या कडेला ओली जीभ उतरते. म्हणजे ज्या तुकड्यानं आम्हाला शिकवलं त्याच्याशीच जोड जमला नाही.

१३ जून

सांधा चार इंच कापून पुन्हा केला, या वेळी फर्म्याशिवाय, हातानं. दोन पाऊस झाले. कोरडं आहे. आणखी एक पावसाळा गेल्याशिवाय मी त्यावर काही बोलणार नाही.

रंगाचा वाद झाला. समितीतल्या दोघांना बोंडं सोनेरी हवी होती. तेलरंगाच्या डब्याला मी हात लावू दिला नाही. चुन्याची सफेदी तीन हात, शेवटच्यात किंचित पिवळी माती. दर तीन-चार वर्षांनी मारावी लागेल, आणि मारण्याआधी जुनी घासून काढावी लागेल, नाहीतर चिरा पुन्हा भरतील. हे मुख्याध्यापिका मॅडमच्या कपाटात लिहून ठेवलंय.

२४ जून

परांची उतरली. हिशेब: परांची साडेपाच महिने ३८,५००. मिस्त्री आणि हाताखालचा मिळून दिवसाला १,७०० प्रमाणे ६१ दिवस, १,०३,७००. झालर २२,५००. चुना, वाळू, सुरकीची कुटाई, संगमरवरी भुकटी, हिरडा, गूळ ११,८००. साचे ६,९००, त्यातले निम्मे पाण्यात. कौलं ४,६००. टँकर २,७००. रंग काढायचं साहित्य ५,३००. काचा ३,१००. एकूण १,९९,१००. वाढीव रक्कम दोन बॅचनी भरली. तेरा वर्षांपूर्वीच्या सिमेंटचं बिल दप्तरात सापडलं, १४,२०० रुपये, खाली तपासणाऱ्याची सही माझी.

पावसाळ्यानंतर मागच्या बाजूचा कंगोरा. तिथेही सपाट पट्टी आहे, तीही त्याच वर्षीची. फर्मा चित्रकलेच्या खोलीत खिळ्याला टांगलाय, कुणाला आकार उतरवून घ्यायचा असेल तर शाळेच्या वेळात यावं.

एक पिंप चुना शिल्लक आहे, साडेपाच महिने मुरलेला. वर पाणी राखायला शिपाईमामांना सांगितलंय. हवा असेल त्यानं झाकणाचं भांडं घेऊन यावं, प्लास्टिकचं चालेल, आता तो थंड आहे.